निर्जंतुकरावांनी टाकी धुतली

माणसाने आयुष्यभर एकाच गोष्टीचा खून पाडावा आणि म्हातारपणी तीच गोष्ट दारोदार मागत फिरावं, असं फार थोड्यांच्या नशिबी येतं. वसाहतीच्या अध्यक्षांच्या नशिबी ते आलं, आणि आलं तेही टँकरमध्ये बसून.

अध्यक्षांची उभी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण खोलीत गेली. कात्र्या, चिमटे, सुऱ्या, जे म्हणून हाताला लागेल ते वाफेत घालायचं आणि पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडायचं. निवृत्त झाल्यावर वाफेत घालायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. दाराच्या कड्या, टीव्हीचा रिमोट, चष्म्याच्या काड्या, बाजारातून आलेली सुटी नाणी, सगळ्यांना फिनाइलची आंघोळ. त्यांची बायको म्हणायची, "मी तेवढी राहिलेय. एक दिवस मलाही पातेल्यात बसवतील." वसाहत त्यांना तोंडावर अध्यक्ष म्हणे आणि मागे निर्जंतुकराव. मागे काय म्हणतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ती त्यांना पदवी वाटायची.

आता वसाहतीच्या मागच्या बाजूचं सांगायला हवं. सभ्य वसाहतीच्या पुढच्या बाजूचं सगळे सांगतात: झाडं, बाकडी, कमान. मागच्या बाजूचं कोणी बोलत नाही, कारण तिथे आपण जे असतो ते वाहत असतं. सभ्य माणसाची व्याख्या सोपी आहे. दांडी ओढली, पाणी घळघळलं, आणि आपला त्या प्रकाराशी काही संबंध नव्हता असा चेहरा करून जो बाहेर येतो तो सभ्य. त्याचं पुढे काय होतं हे विचारणारा माणूस असभ्य. वसाहतीने कित्येक वर्षं सभ्यपणा पाळला. सगळ्या घरांचं सांडपाणी एका नळातून थेट मागच्या नदीत जायचं. नदी काळी झाली, मासे गेले, आणि संध्याकाळी वारा फिरला की सगळे सभ्य लोक खिडक्या लावून "नदीला वास येतो" म्हणायचे. नदीला. म्हणजे चोराने घर धुऊन न्यावं आणि वर घरमालकाच्या रडण्याचा त्रास होतो म्हणावं.

या नदीच्या खालच्या वळणावर अध्यक्षांची थोरली बहीण राहायची. ताईंची बदकं होती आणि अंडी विकण्याचा व्यवसाय होता. काळ्या पाण्याच्या काळात बदकं मेली, अंडी बंद झाली, आणि ताईंनी भावाचं घर टाकलं. आईच्या आजारपणात दोघं एकदा समोरासमोर आले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ताई, घरी ये ना. पाणी तरी पिऊन जा."

ताई म्हणाल्या, "तुझ्या घरचं पाणी मला घरबसल्या येतं, धाकट्या. रोज येतं. वेगळं कशाला यायचं?"

हा घाव खोल गेला. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर सगळ्यांच्या मानगुटीवर बसून नदीकाठी शुद्धीकरण केंद्र उभं केलं. छोटंसंच. आधी एक जाळी, तिथे चिंध्या आणि कचरा अडतो. मग हवेची टाकी, तिच्यात खालून हवा सुटते आणि पाणी रात्रंदिवस बुडबुडत राहतं. मग निवळणीची टाकी, तिथे गाळ तळाशी बसतो. आणि शेवटी बोरूच्या झुडपांतून झिरपत स्वच्छ पाणी नदीत. वर्षभरात नदीचा तळ दिसू लागला. ताईंनी पुन्हा बदकं आणली. आणि एके दिवशी त्यांचा फोन आला.

"रविवारी येते. ज्याने माझी नदी परत दिली ते यंत्र एकदा डोळ्यांनी बघायचंय."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. अध्यक्ष घरी बसून रविवारची वाट बघते, तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण ते केंद्र बघायला गेले.

केंद्र उभं राहिल्यापासून ते त्या टाकीजवळ फारसे गेले नव्हते. उद्घाटनाला गेले होते, तेव्हा टाकी रिकामी होती. आता त्यांनी कठड्यावरून आत बघितलं आणि ते दोन पावलं मागे सरले. आत तपकिरी, दाट, फेसाळ काहीतरी उसळत होतं. महिनाभर उकळलेल्या चहासारखं. नदी स्वच्छ करणाऱ्या यंत्राच्या पोटात ही घाण? आणि रविवारी ताई यात डोकावणार?

केंद्र सांभाळणारा पंपवाला मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर निघाला होता. अध्यक्षांनी त्याला फाटकात गाठलं. "हे असं कसं ठेवलंय?"

"असंच असतं साहेब."

"तू येईपर्यंत काय काय करायचं ते सांगून जा."

"काही करायचं नाही. यंत्र चालू राहू द्यायचं. काही न करणं हेच काम आहे."

हे वाक्य ज्या माणसाने आयुष्यात एकही क्षण काही न करता घालवला नाही त्याच्या कानावर पडलं. अध्यक्षांना त्यात कामचुकारपणाचा वास आला. टाकीचाही येत होताच.

घरी येऊन त्यांनी विषय काढला. विषय काढायचा म्हणजे सल्ला मागायचा नसतो, आपण ठरवलंय त्याला साक्षीदार गोळा करायचे असतात. शेजारचे वकील म्हणाले, "टाकी संस्थेच्या मालकीची, तुम्ही संस्थेचे अध्यक्ष. टाकी धुण्यापासून तुम्हाला कोणताही कायदा अडवू शकत नाही." जे करू नये त्याला कायदा अडवत नाही, हे कळायला वकिलाची गरज नसते, पण ऐकायला बरं वाटतं. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "माझी मोरी तुंबते तेव्हा मी ब्लीचिंग पावडर टाकते. लख्ख होते." बायको म्हणाली, "अहो, तो माणूस हात लावू नका म्हणाला ना?" अशा प्रसंगी शहाणपणाचा एकच आवाज असतो आणि तो नेहमी स्वयंपाकघरातून येतो, म्हणून तो ऐकायची पद्धत नाही.

अध्यक्षांनी ब्लीचिंग पावडरची पोती मागवली. इस्पितळातला जुना अंगरखा चढवला, तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे घातले. टाकीत पोत्यामागून पोतं रिचवलं, वर फिनाइलचे डबे ओतले, आणि लांब बांबूने ढवळलं. पांढरा फेस उसळून कठड्यावर आला. हवेत इस्पितळाचा वास पसरला. कित्येक वर्षांनी त्यांना नोकरीवर परत गेल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले; काही अंशी भावनेने, बाकी ब्लीचने. वकिलांनी फेसासमोर त्यांचा फोटो काढला. खाली लिहिलं, 'अध्यक्ष स्वतः मैदानात.'

दुसऱ्या दिवशी फेस बसला. तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं राखाडी झालं आणि वसाहतीत एक वास उठला. हा जुन्या नदीचा वास नव्हता. जुना वास निदान ओळखीचा होता. खिडक्या लागल्या. शिवणवाल्या काकूंनी नाकाला कापडाची घडी धरून मशीन चालवली आणि एका गिऱ्हाइकाच्या झंपराला तीन बाह्या जोडल्या.

संध्याकाळी ताईंचा फोन.

"धाकट्या, बदकं पाण्यात उतरत नाहीयेत."

"थंडी असेल."

"काठावर ओळीने उभी आहेत. पाण्याकडे बघतायत. मग माझ्याकडे बघतायत. काय केलंस?"

"काही नाही. जरा स्वच्छता केली."

मग ताई म्हणाल्या, "रविवारी मी येत नाही. त्यापुढचंही धरू नकोस," आणि फोन ठेवला.

अध्यक्ष तसेच चपला घालून धावले आणि नदीकडे जाणारी झडप त्यांनी आवळून बंद केली. नदीत आणखी काही जाणार नाही, एवढी तरी अक्कल त्या घटकेला सुचली. पण झडप बंद म्हणजे वसाहतीचं सगळं टाकीतच साठणार, टाकी भरली की नळात, आणि नळ भरला की जिथून निघालं तिथेच परत. प्रत्येकाला आपापलं. अध्यक्षांनी जिन्याजिन्यात सूचना लावली की पाणी जपून वापरा, दांडी अगदी गरजेपुरतीच ओढा. वकिलांनी लगेच हरकत घेतली. "गरज कोण ठरवणार? हा मूलभूत हक्काचा प्रश्न आहे."

"हक्क बजावा," अध्यक्षांची बायको दारातून म्हणाली. "उद्या तो तुमच्याच न्हाणीघरात अपिलात येईल."

मग अध्यक्षांनी केंद्र बांधणाऱ्या इंजिनीयरबाईंना फोन लावला आणि आढेवेढे घेत, इस्पितळातल्या अनुभवाचा दाखला देत, सगळं सांगितलं. बाईंनी टाकीचा आधीचा रंग विचारून घेतला. नंतर म्हणाल्या, "ते तपकिरी होतं ना, ती घाण नव्हती. तेच तुमचं केंद्र होतं."

"म्हणजे?"

"ते जंतू होते. जिवंत. तुम्ही घाण पाठवता, खालून त्यांना हवा मिळते, ते घाण खातात, खाऊन जड होतात, पुढच्या टाकीत तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी नदीला जातं. पंप, टाक्या, नळ हे नुसतं घर. राबणारे ते. तुम्ही सगळा कामगारवर्ग एका दुपारी मारलात."

अध्यक्ष खुर्चीत बसले. ज्यांना मारण्याचा पगार त्यांनी जन्मभर घेतला, तेच गेलं वर्षभर त्यांची अब्रू धूत होते. भावा-बहिणीला जवळ आणणारे तेच होते.

"आता?"

"दुसऱ्या केंद्रातून थोडा जिवंत गाळ आणा आणि सोडा. दही लावतो तसं. ब्लीचचा जोर आता ओसरला असेल, आणि खायला त्यांना आहेच. पण लवकर."

शेजारच्या गावात असंच केंद्र होतं. तिथली माणसं आनंदाने तयार झाली. एवढा गाळ कोणी मागून नेतंय हे त्यांना स्वप्नवत वाटलं. फक्त म्हणाली, परवानगी काढा.

परवानगीच्या कार्यालयात टेबलामागच्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं. "घाण बाहेर न्यायचा परवाना असतो," तो म्हणाला. "आत आणायचा नसतो."

"का नसतो?"

"आजवर कोणी मागितला नाही."

"मी मागतोय."

"तुम्ही एकटेच मागताय, हीच अडचण आहे." त्याने विचार केला. "ती घाणच आहे का नक्की?"

"नाही, तसे ते जिवंत आहेत. जीव आहेत."

कारकुनाचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या खात्यात ढकलता येईल असा अर्ज समोर आला की सरकारी माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते साधुसंतांनाही साधत नाही. "मग पशु विभाग. वरचा मजला."

वरच्या मजल्यावरच्या बाई विणकाम करत होत्या. सुया न थांबवता त्यांनी विचारलं, "कुठले प्राणी?"

"लहान आहेत. जंतू."

"नग किती?"

"मोजता येत नाहीत."

"अंदाजे चालत नाही. नर किती, मादी किती?"

"त्यांच्यात तसं नसतं बहुतेक."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "मग आमच्याकडे कसे बसणार? गाडीत पाय पसरायला जागा किती आहे? वाटेत चारा?"

"ते घाण खातात."

"तुम्ही खाली जा," बाई म्हणाल्या. "घाणीचं खाली आहे."

अध्यक्षांनी खाली-वर, खाली-वर असा जिना झिजवला. इस्पितळात ज्यांच्यापुढे डॉक्टर हात पुढे करून उभे राहायचे, तो माणूस आता एका जिन्यात दोन मजल्यांच्या मधोमध, प्राणी आणि घाण यांच्या मधोमध, धापा टाकत बसला होता. तिथे त्यांना वकील भेटले. वकील न्हाणीघरातला आवाज ऐकून घाबरून मदतीला आले होते.

"परवाना बाहेर न्यायचा असतो म्हणाले ना?" सगळं ऐकून वकिलांनी विचारलं. "मग आपण आणतच नाही. ते गाव बाहेर नेतंय. त्यांच्याकडे परवाना आहे."

दोघं कारकुनापुढे गेले. कारकुनाने परवान्याची अट काढून वाचली. गाळ गावाच्या हद्दीबाहेर न्यावा, एवढंच लिहिलं होतं. बाहेर म्हणजे कुठे, हे नव्हतं.

"हद्दीबाहेर गेल्यावर तो कुठे टाकायचा ते कोणी विचारत नाही का?" अध्यक्षांनी विचारलं.

"कधीच नाही," कारकून अभिमानाने म्हणाला.

अध्यक्षांचं काम झालं होतं. तरी त्यांना आनंद झाला नाही, आणि यातच त्या माणसाची लायकी दिसते. सगळ्या देशाचं मैलापाणी 'बाहेर' नावाच्या एका गावाला जातं. त्या गावात कोणी राहत नाही असं कागद म्हणतो. तिथे त्यांची ताई राहत होती.

रविवारी सकाळी टँकर आला. झोकात आला आणि वसाहतीच्या कमानीखाली अडकला.

ही कमान अध्यक्षांनीच बांधली होती. वर 'स्वच्छ वसाहत, सुंदर वसाहत' आणि खाली त्यांचं नाव, 'स्वच्छ'पेक्षा मोठ्या अक्षरांत. नाव मोठं बसावं म्हणून पट्टी खाली घेतली होती. नेमकी तेवढ्याच उंचीने टँकरची वरची टोपी अडली. ड्रायव्हरने पुढे रेटलं, मागे रेटलं, मग खाली उतरून कपाळावर हात मारला.

"कमान फोडा," वकील म्हणाले.

"नळी लावा," काकू म्हणाल्या.

नळी ड्रायव्हरकडे होती, पण पुढच्या वळणापर्यंतच पोहोचणारी. उन्हात टँकर तापू लागला. इंजिनीयरबाईंनी सांगितलं होतं, हवेशिवाय हे फार वेळ जगत नाहीत. अध्यक्षांनी एकदा आपल्या नावाकडे बघितलं, एकदा टँकरकडे. मग घरात गेले आणि दोन बादल्या घेऊन आले. नळी सोडली, बादली भरली, आणि तो तपकिरी, दाट, फेसाळ ऐवज दोन्ही हातांनी उचलून ते टाकीकडे चालू लागले. हातमोज्यांशिवाय. वसाहत खिडक्यांतून बघत राहिली. दुसऱ्या खेपेला बायको मागून आली. तिसऱ्या खेपेला काकू. मग जिन्यांतून बादल्या, टब, पिंप बाहेर पडू लागले आणि कमानीपासून टाकीपर्यंत रांग लागली.

वकिलांनी बादली शरीरापासून लांब धरली. "हे आपलं नाहीच मुळी. दुसऱ्या गावाचं. आपलं असतं तर गोष्ट वेगळी."

"आपलं तरी कधी उचललंत?" काकू म्हणाल्या. "चला पुढे, रांग थांबलीय."

बादली हातातून हातात जाऊ लागली तशी गंमत सुरू झाली. जन्मात एकमेकांशी न बोललेले मजले बोलू लागले. सांडू नका हो, जीव आहेत त्यात. हळू, हा कामावर चाललाय. वकिलांच्या बुटात थोडे कामगार गेले, तेव्हा काकूंनी त्यांना बूट टाकीत नीट झटकून यायला लावलं.

ताई आल्या त्या याच वेळी. येणार नाही म्हणाल्या होत्या, पण भांडायला येणं हे येण्यात धरत नसतील. काखेत एक बदक होतं.

"हिला विचार," ताई कमानीतून ओरडत आल्या, "हिला विचार काय झालंय—" आणि थांबल्या. समोर त्यांचा भाऊ, चष्माही फिनाइलने धुणारा, कोपरापर्यंत तपकिरी, कपाळावर फेस, हातात बादली.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "मी मारले, ताई. तुझी नदी साफ करणारे मीच मारले. दुसरे आणलेत."

ताईंनी बादलीत बघितलं. बदकाने मान लांब करून बादलीत बघितलं. मग ताईंनी बदक वकिलांच्या हातात दिलं आणि पदर खोचला. "लहानपणी याला आंघोळीला नदीवर नेताना चौघं लागायची," त्या रांगेत शिरत म्हणाल्या. "आणा इकडे."

टाकीत हवा सुटत राहिली. पंपवाला नातवाचा पेढा घेऊन परतला तेव्हा त्याने आत बघितलं, मग अध्यक्षांकडे बघितलं, आणि पेढा हातावर ठेवला. वसाहत दांडी आता खरोखर गरजेपुरतीच ओढत होती, आणि रोज सकाळी अध्यक्ष कठड्याशी जाऊन उभे राहत. राखाडी पाणी फिक्या चहासारखं झालं, मग दाट. त्या रंगाची जेवढी वाट पाहिली तेवढी त्यांनी कधी कुणाच्या निकालाचीही पाहिली नव्हती. शेवटी इंजिनीयरबाईंनी काचेच्या भांड्यात निवळ पाणी धरून "उघडा" म्हटलं, आणि त्यांनी झडप उघडली.

कमानीवरचं नाव त्यांनी स्वतः शिडीवर चढून काढलं. टँकर पुन्हा लागला तर, म्हणाले.

त्याच दुपारी ते खालच्या वळणावर गेले. काठावर बदकं ओळीने उभी होती. ताईंनी अट घातली होती: आधी तू, मग ती. अध्यक्षांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यापाशी उभे राहिले. बदकांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी बदकांकडे. कोणी कोणाच्या आधी उतरायचं यावर दोन्ही बाजू बराच वेळ ठाम राहिल्या. मग अध्यक्षांचा पाय शेवाळावरून घसरला आणि ते कमरेपर्यंत आत गेले. बसल्या बसल्या त्यांना पाण्यातून आपली बोटं दिसली.

त्यांच्या शेजारून एक बदक अलगद पाण्यात शिरलं. मग बाकीची.

ताईंनी वर आल्यावर त्यांच्या हातात टॉवेल आणि नवीन साबणाची वडी दिली. वडीच्या कागदावर लिहिलं होतं की हा साबण सगळे जंतू मारतो. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं आणि वडी परत केली.

"नुसतं पाणी दे."

ताईंनी तांब्या घेतला, काठावर गेल्या, वाकून नदीतून भरला, उन्हात धरून पारखून बघितला, आणि भावाच्या पायावर ओतला.

"तुझ्या घरचं पाणी," त्या म्हणाल्या, "आज बरं आलंय."